रुदंती ओळखायची कशी? बडोद्याहून खारजमिनीकडे निघालेल्या नवख्यांसाठी

रुदंती म्हणून मी पहिल्यांदा जे विकत आणलं, त्या एका सुकलेल्या फळाच्या चकत्या होत्या. जाड सालीच्या, मळकट तपकिरी. आपल्या बडोद्यात जडीबुटीच्या दुकानदाराला गांधी म्हणतात आणि त्याच्याकडच्या मालाला ओसडियां. अशाच एका गांधीनं पुडी बांधून दिली, वर ‘असली छे, बेन’ अशी ग्वाहीही दिली. घरी येऊन वनस्पतींचं पुस्तक उघडलं, तर त्यात वीतभर उंचीचं, बारीक करड्या पानांचं एक झुडूप. त्याचं फळ ज्वारीच्या दाण्यापेक्षा फार मोठं नाही. त्याच्या चकत्या कोण आणि कशा कापणार?

फसवलं गेल्याची खात्रीच झाली होती तेव्हा. आता तसं वाटत नाही. तो माणूस त्याच्या परीनं खरंच बोलत होता. रुदंती या एका नावाखाली एकमेकींशी काही नातं नसलेल्या वनस्पती फिरतात, आणि तुम्ही कुठल्या प्रांतात, कुणासमोर उभे आहात त्यावर पुडीत काय पडणार ते ठरतं. वैद्यलोक अशांना ‘संदिग्ध द्रव्य’ म्हणतात. म्हणून झाडं ओळखायला निघणाऱ्या आमच्या रविवारच्या फेरीला नवीन येणाऱ्यांना मी आधी औषध सांगत नाही. आधी ओळख पटू दे, औषधाचं मागाहून बघू.

आधी नावांचा गुंता सोडवा

हा लेख जिच्याबद्दल आहे ती रुदंती म्हणजे क्रेसा क्रेटिका. समुद्राकाठच्या खारजमिनीत आणि आतल्या भागातल्या खारवट तळ्यांच्या काठी ती वाढते. लिनियसनं १७५३ मध्ये तिचं हे नाव छापलं. क्रेसा म्हणजे क्रीट बेटावरची बाई आणि क्रेटिका म्हणजे क्रीटची. म्हणजे शास्त्रीय नावात एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे, आणि रडण्याचा त्यात मागमूस नाही. ते आपल्या लोकांनी पाहिलं. संस्कृतात तिला रुदंती, म्हणजे रडणारी, आणि रुद्रवंतीशिवाय अमृतस्रवा, संजीवनी, रोमांचिका, चणपत्री अशीही नावं आहेत. त्यातली चणपत्री आणि रोमांचिका लक्षात ठेवा, पुढे खारजमिनीवर उभं राहिल्यावर उपयोगी पडतील.

माझ्या पुडीतल्या चकत्या होत्या कॅपॅरिस मूनीच्या. ही सह्याद्रीतली काटेरी महावेल, म्हणजे आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आपण जिची भाजी करतो त्या वाघाटीची सख्खी बहीण. हिची फळं मोठी, गोल असतात आणि ती वाळवून ‘रुदंती फळ’ म्हणून विकली जातात. बाजारात रुदंतीच्या नावानं ज्या कॅप्सूल मिळतात, त्यांतही बहुतेकदा हेच फळ असतं. हिमालयाकडे गेलात तर रुद्रवंती म्हणून तिसरंच काही दाखवतील. ती अ‍ॅस्ट्रागॅलस, म्हणजे वाटाणा-हरभऱ्याच्या कुळातली. शिवाय पानावर थेंब चमकतात म्हणून काही जण कासच्या पठारावरच्या दवबिंदूलाही रुदंती ठरवून मोकळे होतात. दवबिंदूचे थेंब चिकट असतात आणि त्यात किडे अडकतात. आपल्या रुदंतीचं रडणं अगदी निराळं.

दुकानात गेलात तर एकच प्रश्न विचारा: फळ की पंचांग? पंचांग म्हणजे मूळ, खोड, पान, फूल, फळ असं सगळं झुडूप. चकत्या निघाल्या तर ती सह्याद्रीची वेल. करड्या काटक्या आणि पानांचा चुरा निघाला तर क्रेसा असण्याची शक्यता आहे. शक्यताच म्हणते, कारण चुरा पाहून खात्री मला आजही देता येत नाही. डबीबंद औषध असेल तर वेष्टनावरचं लॅटिन नाव वाचा. ते छापलेलंच नसेल तर डबी परत ठेवा.

शहरातच करायची तयारी

थेट खंभातचं आखात गाठायची घाई करू नका. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह आहे. आधी चौकशी करून, परवानगी घेऊन क्रेसाचा कागद एकदा डोळ्यांखालून घाला. वाळलेल्या नमुन्यात रंग जातो, पण पानांची मांडणी आणि फुलांचे गुच्छ नीट दिसतात.

मग तिची भावंडं पाहा. रुदंतीचं कूळ गारवेलीचं, रताळ्याचं. त्यातल्या बहुतेकांचं फूल नरसाळ्यासारखं, पाकळ्या एकमेकींना जोडलेल्या. कमाटी बागेत फिरताना कुंपणावरची गारवेल आणि गवतातली निळी विष्णुक्रांता या नजरेनं पाहिलीत की कुळाचा चेहरा डोळ्यांत बसतो. (कागदोपत्री ही सयाजी बाग, १८७९ ची. पण दांडिया बाजारातल्या कुणाला असं म्हणताना मी ऐकलेलं नाही.)

दहापट मोठं दाखवणारं एक भिंग घ्या. फोनच्या कॅमेऱ्यावर भागवू असं सगळेच म्हणतात आणि दुसऱ्या फेरीला भिंग घेऊन येतात.

कधी आणि कुठे

आपली विश्वामित्री पावागडाकडून येते, शहरातून मगरींसकट वाहते, पुढे ढाढरला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखातात उतरते. आपल्याला जायचंय ते याच आखाताच्या काठाला. जंबुसर तालुक्यातलं कावी-कंबोई त्यासाठी सोयीचं. पादरा, जंबुसर, मग कावी, एका बाजूचं साधारण ८० किलोमीटर. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली जातं, त्यामुळे वाट विचारायचीही गरज पडत नाही.

पावसाळ्यात जाऊ नका. खारजमिनीत तेव्हा पाणी साचलेलं असतं, मीठ धुऊन गेलेलं असतं आणि रुदंतीचं सारं वैशिष्ट्य त्या मिठातच आहे. दिवाळी उलटली की जमीन सुकायला लागते, वर पांढरी खपली धरते. तिथून माघ-फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम.

आता भरतीचं. माझी रत्नागिरीची आत्या तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणून भरती पावणेचारच्या सुमाराला. कोकणात हा हिशोब बऱ्यापैकी जमतो. मी तो इथे लावला आणि पायातली चप्पल चिखलाला देऊन परत आले. आखात आत आत अरुंद होत जातं. भरती इथे मुंबई-रत्नागिरीपेक्षा काही तास उशिरा पोचते आणि येते तेव्हा चढूनच येते. समोरच्या भावनगरच्या किनाऱ्याला उधाणाच्या दिवशी ओहोटी आणि भरतीच्या पातळीत १० मीटरचा फरक पडतो. तेव्हा आत्याचं गणित घरी ठेवा. देवळात तिथीवार भरतीच्या वेळांचं पत्रक मिळतं, ते घ्या. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा आणि अष्टमीच्या आसपासचा भांगाचा, म्हणजे भरती कमी चढते असा, दिवस निवडा.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. ओल्या, चकाकणाऱ्या गाळात पाऊल टाकायचं नाही, मग पलीकडे काहीही दिसो. तो गाळ पाय धरून ठेवतो. आणि गंमत म्हणजे रुदंतीला तिथे काही कामच नसतं. रोज भरतीचं पाणी फिरतं त्या पट्ट्याच्या वर, बांधाच्या कडेला, पडीक खारजमिनीत ती राहते. म्हणजे जे शोधायचं ते सुरक्षित जागीच आहे.

सोबत टोपी, भरपूर पाणी, जुनी वर्तमानपत्रं, एक छोटी कात्री, वही आणि जाड तळाचे बूट. चप्पल नको, कारण वर सांगितलंच आहे.

खारजमिनीवर उभं राहून

पाण्याकडे तोंड करा आणि मग हळूहळू पाठ फिरवत जमिनीकडे या. झाडं पट्ट्यापट्ट्यांनी बदलत जातात. गाळात सर्वांत पुढे तिवरं, इथले लोक त्यांना चेर म्हणतात. त्यांच्या मागे मांसल पानांची मंडळी. मोरडची पानं जाड, दोऱ्यासारखी, दाबली की पाणी सुटतं. धापा जमिनीवर पसरतो, लालसर देठांचा, घोळीसारखा. त्याच्याही वर, जिथे मातीला भेगा पडून खपली पांढरी झालेली असते, तिथे नजर खाली लावा. त्याहून मागे पिलूची झुडपं आणि गांडो बावळचं रान सुरू झालं, की तुम्ही रुदंती ओलांडून पुढे आलात असं समजा.

लांबून ती झाड वाटतच नाही. जमिनीवर राख सांडल्यासारखा करडा-हिरवा डाग दिसतो. जवळ बसा. बसल्याशिवाय ही ओळखता येत नाही, आणि ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी छोटं स्टूल आणावं.

बुडाशी खोड काटकीसारखं टणक. तिथून पुष्कळ फांद्या फुटलेल्या, काही उभ्या, काही आडव्या पसरलेल्या. उंची वीतभर, फार तर दीड वीत. पानं देठाशिवाय थेट फांदीला चिकटलेली, दाट, अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांब. इथे ‘चणपत्री’ आठवा. लांबून हरभऱ्याचाच भास होतो, पण हरभऱ्याच्या पर्णिकेला कडेनं दाते असतात आणि रुदंतीच्या पानाची कड साधी असते. भिंग लावलंत की अंगभर रुपेरी लव दिसेल. रोमांचिका हे नाव कुणी दिलं असेल त्याच्याकडे भिंग नव्हतं, नजर मात्र होती.

फुलं फांदीच्या टोकाला गुच्छात, पांढरी किंवा फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांची. एकेक फूल तुरीच्या दाण्याएवढं. पाच पुंकेसर नळीबाहेर डोकावतात. स्त्रीकेसराच्या वर दोन वेगळे दांडे असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक गोळा. हे दोन दांडे दिसले की मी नि:शंक होते.

फसवणारं एक झाड आहे. भुरुंडीची खाऱ्या जमिनीतली एक जात तशीच करडी-निळसर, फुलंही पांढरी आणि बारीक. पण तिच्या फुलांची ओळ विंचवाच्या नांगीसारखी वळलेली असते आणि पानं गुळगुळीत, मांसल. नांगी दिसली की पुढे चला.

आणि रडण्याचं? ते पाहायचं तर उजाडायच्या आत पोचावं लागतं. म्हणजे बडोद्यातून चारच्या आधी निघणं आलं. थंडीतल्या पहाटे प्रत्येक पानावर थेंब असतात आणि झुडपाखालची माती ओलसर लागते, तेव्हा शेजारची उघडी माती कोरडी असते. पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी आहेत. मुळांतून आलेलं जादा मीठ झाड पानावर आणून सोडतं आणि ते मीठ रात्रीच्या हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात डब्यातलं खडेमीठ पाझरतं, तसंच. ऊन चढलं की थेंब जातात आणि पानावर पांढरी पूड उरते. आपल्याकडे हरभऱ्याच्या शेतात पहाटे धोतर फिरवून आंब गोळा करायचे, ती आंबट. ही खारट. फरक एवढाच, आणि म्हणूनच चणपत्री हे नाव मला फार नेमकं वाटतं.

मागे एकदा आमच्यातल्या एका मुलीनं तिथं शेळ्या चारणाऱ्या भरवाडाला मोठ्या अपेक्षेनं विचारलं, दादा, हे औषध आहे ना? तो म्हणाला, “आ तो बकरां खाय, बेन.” संजीवनीची एवढी साधी ओळख मी दुसऱ्या कुणाकडून ऐकली नाही.

थोडंसंच घ्या

झुडूप उपटू नका. फुलं असलेली एक-दोन टोकं कात्रीनं कापा, संपली गरज. ओळखीला तेवढं पुरतं. जमीन कुणाची आहे ते विचारून घ्या. पडीक दिसते म्हणून बेवारशी नसते.

औषधासाठी मात्र या भागातून काहीच गोळा करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी वाहून नेणारा कालवा पादरा-जंबुसर करत आखाताकडेच जातो. खारजमिनीतली झाडं मातीतले क्षार खेचून घेण्यात तरबेज असतात, आणि मातीत आणखी काय मुरलं आहे ते पानाकडे पाहून कळत नाही. वैद्य लागवडीचा किंवा तपासलेला माल मागवतात तो उगीच नव्हे.

कापलेली टोकं तिथल्या तिथे वर्तमानपत्रात पसरा. पान उलटं-सुलटं दोन्ही दिसेल असं ठेवा. कागदावर तारीख, गाव, जमीन कशी होती, फुलाचा रंग, शेजारी कोणती झाडं होती ते लिहा. फुलाचा रंग आधी लिहा, कारण संध्याकाळपर्यंत तो राहत नाही. घरी आल्यावर वर जड पुस्तकं ठेवा आणि पहिला आठवडा रोज कागद बदला. धाप्यासारख्या मांसल झाडांना तर दोन-तीन आठवडे लागतात, कंटाळलात की बुरशी आलीच.

आणि औषध

फेरीवर येणाऱ्यांपैकी निम्मे याच भागाची वाट पाहत असतात. “काकू, सकाळी उपाशीपोटी घेतली तर चालेल का?” हा प्रश्न अजून भरवाडाच्या शेळ्या नजरेआड झालेल्या नसतात तेव्हाच येतो.

परंपरेत काय सांगितलं आहे ते आधी. निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी द्रव्यांच्या जुन्या कोशांत, रुदंती चवीला तिखट आणि कडू, गुणानं उष्ण. ती रसायन मानली आहे, म्हणजे शरीर भरून आणणारी, झीज थोपवणारी. क्षय, कृमी, रक्तपित्त, कफ, श्वास, मेह या तक्रारींत तिचा उपयोग सांगितला आहे. पंचांगाचं चूर्ण मधाबरोबर किंवा दुधाबरोबर देण्याची पद्धत आहे. खोकला-दम्यावर आणि भूक लागावी म्हणून ती देतात. रसशास्त्रात पाऱ्यावरच्या प्रक्रियांसाठीच्या दिव्यौषधींतही तिचं नाव येतं, त्यामुळे सोनं करू पाहणाऱ्या किमयागारांनीही तिचा बराच शोध घेतला. त्यातल्या कुणाला सोनं मिळाल्याचं ऐकिवात नाही.

यातला ‘क्षय’ हा शब्द जपून वाचा. जुन्या वैद्यकात क्षय म्हणजे शरीर झिजत जाणं, धातू कमी होत जाणं. त्यात आजचा टीबी येत असे, पण आणखी बरंच काही येत असे. टीबी जंतूमुळे होतो हे रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरनं १८८२ मध्ये दाखवलं, निघंटू त्याच्या कितीतरी आधीचे. त्यामुळे ‘रुदंतीनं क्षय बरा होतो’ हे वाक्य उचलून थेट टीबीच्या रुग्णापुढे ठेवणं म्हणजे शब्द तोच ठेवून अर्थ बदलणं. आमच्या नात्यातल्या एकांनी गोळ्या मधेच सोडून अशा चूर्णावर तीन महिने काढले. पुढे त्यांना जास्त कडक आणि जास्त लांब उपचार घ्यावे लागले. साध्या टीबीचा उपचार सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो आणि तो सहसा सहा महिन्यांचा असतो. तो पुरा करायचा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, चूर्ण शोधायचं नाही.

आधुनिक पद्धतीनं तिच्यावर काम झालंय ते बहुतेक प्रयोगशाळेतलं आणि उंदरांवरचं, खोकल्यावर, दाहावर वगैरे. उंदराच्या खोकल्यावरून माणसाचा डोस काढता येत नाही. मी इथे मात्रा लिहीत नाही त्याचं कारण तेच. घ्यायचीच असेल तर पाणीगेटच्या सरकारी आयुर्वेद रुग्णालयात किंवा तुमच्या माहितीतल्या शिकलेल्या वैद्यांना विचारा, आणि विचारताना चकत्या की पंचांग, हेही विचारा. उत्तरावरून वैद्यांचीही थोडी परीक्षा होते.

ज्यांना रक्तदाब आहे, ज्यांच्या मूत्रपिंडाची तक्रार आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावं की पान अंगभर मीठ घेऊन आलेलं असतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हिच्या वाटेला जाऊ नये. पोरांना तर नाहीच.

आणि एक, गच्चीवर कुंडीत लावायचा नाद सोडा. मी दोनदा रोपं आणली, खतमाती घातली, प्रेमानं पाणी दिलं. दोन्ही मेली. तिसऱ्यांदा एका मित्रांनी सुचवलं की पाण्यात मीठ घाला. ते रोप जगलं, पण शेजारच्या कुंडीतली माझी तुळस गेली. सासूबाईंनी यावर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कागद सांभाळताना

नमुना पुरता वाळला की साधारण ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर बारीक पट्ट्यांनी चिकटवा. उजव्या कोपऱ्यात खाली चिठ्ठी: नाव, कूळ, गाव, तालुका, तारीख, जमिनीची माहिती, गोळा करणाऱ्याचं नाव. ओळखीबद्दल शंका असेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह टाका. विद्यापीठात दाखवल्यावर ते खोडता येतं. खात्रीनं लिहिलेलं चुकीचं नाव मात्र पुढची दहा माणसं तसंच उतरवून घेतात.

कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवा, कोरडी जागा निवडा. बाकीची झाडं मग वर्षानुवर्षं तशीच राहतात. रुदंतीचा कागद मात्र मृगाचा पाऊस पडून गेला की काढून बघावा लागतो. वाळवून चार वर्षं झाली तरी हवेत ओल आली की पानांवरचं मीठ पाझरतं आणि कागदावर तिच्याभोवती ओलसर डाग धरतो. तेव्हा खालचा टीपकागद बदला, दिवसभर पंख्याखाली ठेवा, आणि पुन्हा कपाटात.